वार्ता येईपर्यंतचा संयम

६ ऑगस्ट २०१२. रमजानचा पवित्र महिना चालू होता. भारतात सकाळचे अकरा वाजत आले होते आणि अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पासाडेना येथे आदल्या दिवसाची रात्र होती. तेथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत शास्त्रज्ञ पडद्यांवर डोळे लावून बसले होते. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मध्यरात्र उलटून गेली तरी लोक मोठ्या पडद्यासमोर उभे होते आणि जगभरातील कितीतरी अंतराळप्रेमी आपापल्या घरी संगणक उघडून वाट पाहत होते. २६ नोव्हेंबर २०११ रोजी पृथ्वीवरून निघालेला ‘क्युरिऑसिटी’ हा सुमारे ९०० किलो वजनाचा रोव्हर, म्हणजे सहा चाकांचे स्वयंचलित वाहन, त्या दिवशी मंगळाच्या गेल नावाच्या विवरात उतरणार होता.

मंगळ तेव्हा इतका दूर होता की प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या संदेशालाही पृथ्वीवर पोहोचण्यास सुमारे चौदा मिनिटे लागत. यान मंगळाच्या वातावरणात शिरल्यापासून रोव्हर जमिनीवर टेकेपर्यंतचा काळ मात्र अवघा सात मिनिटांचा. याचा अर्थ असा, की यान वातावरणात शिरल्याची वार्ता पृथ्वीवर आली तेव्हा जे घडायचे ते घडून गेलेले होते. रोव्हर एकतर सुखरूप उभा होता, नाहीतर त्याचा चुराडा झालेला होता. निर्णय झालेला होता, माणसाला तो ठाऊक नव्हता एवढेच. त्या काही मिनिटांत जगातील कोणतीही सत्ता, कोणतेही धन ती वार्ता एका क्षणानेही लवकर आणू शकत नव्हते.

मग रोव्हर उतरल्याचा संदेश आला आणि पाठोपाठ पहिले चित्र आले. ते होते ६४ बाय ६४ ठिपक्यांचे, काळे-पांढरे, तळहातावरच्या तिकिटाएवढे. भिंगावर धूळ बसलेली, एका बाजूस चाकाचा अंधूक आकार. थोड्या वेळाने त्याहून मोठे, २५६ बाय २५६ ठिपक्यांचे चित्र आले. लग्नाच्या आल्बममध्ये कोणी ठेवणार नाही अशा त्या चित्रांकडे पाहून मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्या पहिल्या चित्रांपैकी एकात क्षितिजावर एक पुसट डाग होता. सुमारे पाऊण तासानंतरच्या चित्रात तो नाहीसा झालेला होता. लगेच तर्क सुरू झाले. रोव्हरला अलगद खाली सोडून दूर जाऊन कोसळणाऱ्या वाहक भागाने उडवलेला हा धुरळा तर नसेल? योगायोग इतका विलक्षण होता की शास्त्रज्ञांनी लगेच होकार दिला नाही. भिंगावरची धूळही असू शकते, असे ते म्हणाले. पुढे मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाने वरून टिपलेले चित्र आले. त्यात तो वाहक भाग रोव्हरपासून सुमारे ६५० मीटरवर कोसळलेला दिसला, आणि दिशाही जुळली. तेव्हा कुठे म्हटले गेले की होय, तो धुरळाच असावा.

बंधू-भगिनींनो, हा ‘असावा’ शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. तर्क आकर्षक होता, पुढे तो बरोबरही ठरला. तरीही दुसरा साक्षीदार येईपर्यंत तोंड आवरण्यात आले. वार्तेच्या बाबतीत नेमका हाच शिष्टाचार आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी शिकविण्यात आला होता.

पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) यांचा प्रसंग आला आहे. पक्ष्यांची पाहणी करताना त्यांना हुदहुद दिसला नाही. तो विनाकारण गैरहजर असेल तर शिक्षा होणार होती. थोड्याच वेळात तो आला आणि त्याने आपण सबा देशाहून खात्रीची वार्ता आणली असल्याचे सांगितले. तेथे एक राणी राज्य करते, तिच्याकडे सर्व वैभव आहे, तिचे भव्य सिंहासन आहे आणि ती व तिचे लोक अल्लाहला सोडून सूर्यापुढे नतमस्तक होतात. वार्ता दूरच्या, न पाहिलेल्या भूमीतून आली होती. आणणारा आपल्याच सेवेतला होता. शिवाय वार्ता अशी होती की एका प्रेषिताच्या अंतःकरणात धर्माविषयीची तळमळ उसळावी. तरीही हजरत सुलैमान (अ.) यांनी त्या वार्तेवर आधी सैन्य पाठवले नाही. तू खरे बोललास की खोटे, हे आम्ही पाहू, असे त्यांनी सांगितले. हुदहुदच्याच चोचीत पत्र देऊन त्याला परत धाडले. पत्र टाकून बाजूस हो आणि ते काय उत्तर देतात ते पाहा, अशी आज्ञा केली.

या प्रसंगातील एक बारकावा आपण बहुधा ओलांडून जातो. हुदहुदने स्वतः आपली वार्ता खात्रीची असल्याचे म्हटले होते, आणि ती खरोखरच खरी होती. तरीही पडताळणी झाली. सांगणाऱ्याची खात्री ही ऐकणाऱ्याची खात्री होत नाही. आणि हुदहुदला या पडताळणीचा अपमान वाटला, असे कुठेही आलेले नाही. आज घरातील एखाद्या तरुणाने “चाचा, हे कुठून आले?” असे विचारले तर आपल्या कपाळावर आठी पडते, हे या ठिकाणी आठवावे.

रोव्हरच्या चित्रांकडे पुन्हा वळू. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ हे दोन रोव्हर मंगळावर उतरले, तेव्हा मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी प्रथा पाडली. मंगळावरून येणारी मूळ चित्रे कोणतेही संस्करण न करता, आली की लगेच इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली जाऊ लागली. त्यातून अंतराळप्रेमींचा एक नवा वर्ग तयार झाला. नोकरी-व्यवसाय सांभाळून ही माणसे मंगळाच्या दिवसाचा हिशेब ठेवत. तो दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटांनी मोठा असतो, म्हणून चित्रे येण्याची वेळ रोज पुढे सरकते. कधी दुपार, कधी भर मध्यरात्र. चित्रे आली की ती एकमेकांना जोडून विस्तीर्ण देखावा उभा करायचा, वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन काळी-पांढरी चित्रे एकत्र करून रंग साधायचा, आणि असा रंग साधला असेल तर तो अंदाजे आहे हे खाली लिहायचे.

प्रत्येक मूळ चित्रासोबत त्याची ओळख येते: मोहिमेचा कितवा दिवस, कोणती वेळ, कोणता कॅमेरा, डावा की उजवा. ही ओळख नसेल तर जाणकार त्या चित्राला हात लावत नाहीत. आपल्या मुहद्दिसांना हे पाहून आश्चर्य वाटले नसते. हदीसच्या शब्दांआधी तिची सनद विचारण्याची परंपरा त्यांनीच तर उभी केली. अमुकाने तमुकाकडून ऐकले, तमुकाने कोणाकडून, दोघांची भेट झाली होती काय, स्मरणशक्ती कशी होती, वागणे सचोटीचे होते काय. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांच्याकडून एक हदीस प्रत्यक्ष ऐकण्यासाठी महिनाभराचा प्रवास केला, याची नोंद इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या ‘ज्ञान’ या प्रकरणात केली आहे. ती हदीस दुसऱ्यांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत आलेली होती. तरीही उंट विकत घेऊन ते शाम देशाकडे निघाले. आज आपल्या हातातील उपकरणावर एक बोट फिरवले की संदेश शंभर जणांकडे जातो. महिनाभराचा प्रवास सोडा, दोन मिनिटे थांबणेही जड जाते.

माणसाचे मन आपल्या आवडीचा रंग चित्रात कसा भरते, याचे एक उदाहरण मंगळावरचेच आहे. २० जुलै १९७६ रोजी अमेरिकेचे ‘व्हायकिंग-१’ मंगळावर उतरले. ते एका जागी उभे राहणारे यान होते. दुसऱ्या दिवशी त्याचे पहिले रंगीत चित्र प्रसिद्ध झाले आणि त्यात आकाश निळसर दिसत होते. लोक हरखले, हे तर आपल्यासारखेच आकाश! नंतर यानावरच बसवलेल्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर कळले की रंग चुकीचे जुळवले गेले होते. हवेतील बारीक धुळीमुळे तेथील आकाश फिकट गुलाबी-तांबूस दिसते. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी नाराजीचे सूर काढले. त्यांना निळे आकाश हवे होते. दुरुस्ती मात्र झाली आणि ती चारचौघांत झाली.

अंतराळप्रेमी यातून पूर्ण मुक्त आहेत असे नाही. ‘ऑपॉर्च्युनिटी’ रोव्हर नव्वद दिवसांच्या कामासाठी पाठवला होता, तो चौदा वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्याने ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापले. २०१८ च्या जूनमध्ये धुळीच्या प्रचंड वादळाने सूर्य झाकला आणि १० जूननंतर त्याचा संदेश आला नाही. पुढील आठ महिन्यांत त्याला हजाराहून अधिक वेळा साद घालण्यात आली. उत्तर आले नाही, म्हणून १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. त्यानंतर जगभर एक हळवे वाक्य पसरले. माझी बॅटरी संपत आली आहे आणि अंधार होत आहे, हे रोव्हरचे अखेरचे शब्द होते म्हणे! लोकांनी ते वाक्य कपड्यांवर छापले. वास्तविक रोव्हर बोलत नाही. त्याने आकडे पाठवले होते, विजेचा साठा २२ वॅट-तास आणि हवेतील धूसरतेचे प्रमाण १०.८. एका पत्रकाराने त्या आकड्यांचा भावार्थ आपल्या शब्दांत लिहिला आणि लोकांनी तो रोव्हरच्या तोंडी घातला. आपल्या देशातही ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रज्ञान’ चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या चाकांनी उमटवलेल्या राजमुद्रेचे म्हणून जे सुबक चित्र घरोघरी फिरले, ते एका कलाकाराने काढलेले होते.

आता आपल्या घरातले बोलू, कारण येथे प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही, ईमानाचा होतो.

चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगने तेथे अजान ऐकली आणि पृथ्वीवर परतल्यावर इस्लाम स्वीकारला, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकली आहे. जलशांतून, मासिकांतून, प्रवासात शेजारी बसलेल्या सज्जनाकडून. आर्मस्ट्राँगने ती नाकारली होती. १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतील आपल्या दूतावासांना तसे कळवलेही होते. चंद्रावर हवा नाही, म्हणून तेथे कोणताच ध्वनी कानावर येऊ शकत नाही, हे तर शाळेतील मूलही सांगेल. तरी कथा थांबली नाही. पुढे तीच कथा नाव बदलून भारतीय वंशाच्या एका अंतराळवीर भगिनीविषयी सांगितली जाऊ लागली. चंद्रावरील अरिआडियस नावाच्या सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या दरीचे छायाचित्र ‘शक्के-कमर’चा, म्हणजे चंद्रभंगाच्या चमत्काराचा पुरावा म्हणून आजही फिरते, ती दरी चंद्राला वेढा घालत नाही, ही गोष्ट त्याबरोबर फिरत नाही. आणि दर ऑगस्टमध्ये २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार, हा संदेश येतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या विलक्षण जवळ आला होता हे खरे. पण ते ‘जवळ’ म्हणजेही साडेपाच कोटी किलोमीटरांपेक्षा अधिक. नुसत्या डोळ्यांना तो तेव्हाही एक तेजस्वी ठिपकाच होता.

चंद्रभंगावर श्रद्धावंताचा विश्वास आहे तो ईशवाणीच्या आणि सहाबांच्या प्रमाणित कथनांच्या आधारावर. त्याला कोणत्याही दरीच्या छायाचित्राची गरज नाही. ज्या दिवशी आपण त्या छायाचित्रावर भिस्त ठेवतो, त्या दिवशी पक्क्या पायावर उभ्या असलेल्या घराला आपण होऊन वाळूचा टेकू देतो. घरातील मुलगी दहावीत जाते, विज्ञानाचे पुस्तक उघडते, संगणकावर शोधते आणि तिला कळते की वडिलांनी मोठ्या श्रद्धेने दाखवलेले चित्र भलत्याच गोष्टीचे होते. ती वडिलांना काही बोलत नाही. पण उद्या तेच वडील तिला कबरीविषयी, परलोकाविषयी, हिशेबाच्या दिवसाविषयी सांगतील, तेव्हा तिच्या मनात काय येईल? ज्याने न पाहिलेल्या चंद्राविषयी पडताळणी केली नाही, त्याचे न पाहिलेल्या परलोकाविषयीचे बोलणे तिने कोणत्या वजनाने घ्यावे? आपला धर्म ‘गैब’वरील श्रद्धेपासून सुरू होतो. आपण अल्लाहच्या प्रेषितांवर विश्वास ठेवतो, कारण त्यांच्या विरोधकांनीसुद्धा त्यांना ‘अस्-सादिक’, ‘अल्-अमीन’ म्हटले होते. ज्या समाजाची सर्वांत मौल्यवान संपत्ती एका सत्यवचनी व्यक्तीने आणलेली वार्ता आहे, त्या समाजाने वार्तेच्या बाबतीत ढिलाई करावी, याहून दुःखद काय असेल?

यावर एक उत्तर नेहमी मिळते: हेतू तर चांगला होता ना! लोकांचे ईमान वाढते, मग बिघडले कोठे?

याला उत्तर मदीनेत दिले गेले आहे. हिजरी सन १० मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले. ते अजून दूध पीत होते. प्रेषितांच्या (स.) नेत्रांतून अश्रू वाहत होते. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की इब्राहीम गेले म्हणून सूर्य काळवंडला. विचार करा, ही वार्ता कोणी शत्रूने पसरवली नव्हती. ती प्रेमातून निघाली होती. ती ऐकून कितीतरी लोकांच्या मनातील प्रेषितांविषयीचा आदर वाढला असता. नुसते गप्प राहिले असते तरी पुरे होते. शोकात बुडालेल्या पित्याला कोणी बोल लावला नसता. परंतु ते उठले, लोकांना नमाज पढविली आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की सूर्य आणि चंद्र हे अल्लाहचे संकेत आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत हा प्रसंग आहे. आकाशातील एका खऱ्या घटनेला जोडलेले खोटे कारण, तेही स्वतःच्या गौरवाचे, त्यांनी एक दिवसही टिकू दिले नाही. खोटेपणाच्या मदतीने मिळणारा आदर त्यांना नको होता.

पुढील काळात काही भाविक लोकांनी कुरआनच्या निरनिराळ्या सूरहची माहात्म्ये रचून ती हदीस म्हणून सांगितली. लोकांचे कुरआनकडे दुर्लक्ष होत आहे, त्यांना परत वळवावे, हा त्यांचा हेतू होता. मुहद्दिसांनी त्यांच्या हेतूची गय केली नाही. त्यांची नावे खोटे रचणाऱ्यांच्या यादीत लिहिली गेली आणि आजवर तेथेच आहेत.

सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत वार्तेची शहानिशा करण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही सांगितले आहे, की अजाणतेपणी कोणा समूहाचे नुकसान होऊन नंतर पश्चात्तापाची वेळ येऊ नये. भाष्यकारांनी या संदर्भात बनू मुस्तलिक टोळीचा प्रसंग नोंदविला आहे. त्यांनी जकात नाकारली, असे सांगण्यात आले होते; खात्री करण्यासाठी माणसे पाठवली तेव्हा त्यांच्या वस्तीत अजान होत होती, नमाज होत होती. मंगळाच्या आकाराविषयीचा खोटा संदेश कोणाचा जीव घेत नाही हे खरे. पण ज्या बोटाला न तपासता पुढे ढकलण्याची सवय लागली, ते बोट मोहल्ल्यात तणाव असताना थांबेल काय? आपल्या राज्यातील गावांनी अफवांची किंमत मोजलेली आहे. ती आठवण येथे विस्ताराने उगाळण्याची गरज नाही. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, या आशयाची हदीस इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच घेतली आहे, आणि सूरह बनी इस्राईलमध्ये कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाला जाब विचारला जाईल, अशी ताकीद आहे.

आणि ही शिस्त आपल्याला परकी आहे असे कोणी समजू नये. दर वर्षी २९ शाबानच्या सायंकाळी आपली कुटुंबे मगरिबच्या सुमारास गच्चीवर, टेकडीवर, समुद्रकिनारी उभी असतात आणि आकाशातून येणाऱ्या एका कोरीएवढ्या चित्राची वाट पाहतात. चंद्र दिसल्याचे कोणी सांगितले तर रुअत-ए-हिलालची समिती आनंदाने मिठी मारत नाही, प्रश्न विचारते: कोठून पाहिला, किती वाजता, सूर्यास्ताच्या कोणत्या बाजूस, टोके कोणत्या दिशेला होती, बरोबर कोण होते? ढग असतील तर तीस दिवस पूर्ण करण्याची शिकवण आहे. ढगामागे चंद्र असेलही. पण तो दिसलेला नाही. मंगळावरील डाग पाहून ‘असावा’ म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाला आपली ही सायंकाळ चटकन समजेल.

‘क्युरिऑसिटी’ आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेला ‘पर्सिव्हरन्स’ यांची मूळ चित्रे आजही सर्वांसाठी खुली आहेत. एखाद्या रात्री इशाच्या नमाजनंतर मुलांना जवळ घेऊन ती उघडावीत. सूरह अल्-मुल्कच्या प्रारंभी माणसाला आकाशाकडे एकदा पाहून न थांबता पुन्हा, आणि पुन्हा पाहण्यास सांगितले आहे. ती आयत मुलांकडून पढवून घ्यावी. चित्रात अजान नसेल, लिहिलेले नाव नसेल. खडक असतील, वाळू असेल, चाकांच्या खुणा असतील. मुले कंटाळून म्हणतील, यात तर काहीच नाही. त्यांना चित्राखालची तारीख आणि कॅमेऱ्याचे नाव मोठ्याने वाचायला सांगावे, मग खडकावर पडलेली सावली कोणत्या बाजूची आहे ते विचारावे, आणि त्यांच्याबरोबर पुढचे चित्र उघडावे.